सातशे वेळा यकृत, तीन वेळा गाठ

नॅनोकण गाठ शोधत नाही. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते. तरीही कुठल्याही सादरीकरणात तेच चित्र दिसतं: शिरेतून सुटलेला एक गोल कण, त्याच्या अंगभर अँटीबॉडीचे काटे आणि त्याच्यापासून निघून थेट गाठीत घुसणारा लाल बाण. कणाला डोळे नसतात, शेपूट नसते. रक्त नेईल तिकडे तो जातो. त्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेली अँटीबॉडी किंवा फॉलिक आम्लाचा रेणू काही करू शकतो तो कर्कपेशीपासून काही नॅनोमीटरवर पोहोचल्यावर. तिथवरचा प्रवास रक्ताभिसरण ठरवतं.

मी लायपोसोम बनवते, म्हणजे लिपिडच्या, अर्थात चरबीसारख्या रेणूंच्या, दुहेरी पडद्याचे पोकळ गोलक, ज्यांच्या पोटात केमोथेरपीचं औषध भरता येतं. या कामात बरीच वर्षं गेली आहेत. कोणी विचारलं की यातला सर्वांत अवघड भाग कोणता, तर मी कागदावर एक साधा हिशोब मांडून दाखवते.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला साधारण तेवढंच रक्त पुढे ढकलतं. म्हणजे शिरेत सोडलेला कण मिनिटाभरात शरीराची एक फेरी पुरी करतो. त्या पाच लिटरांतला जवळपास पाव हिस्सा यकृतातून जातो. आता समजा आपला कण दोन दिवस रक्तात टिकला. दोन दिवस म्हणजे २,८८० मिनिटं. तेवढ्या वेळात तो सरासरी सातशेहून जास्त वेळा यकृतातून जाणार. आणि गाठीतून किती वेळा? गाठ दहा ग्रॅमची धरू, आणि तिला दर ग्रॅममागे मिनिटाला अर्धा मिलिलिटर रक्त मिळतं असं समजू. प्रत्यक्षात हा आकडा गाठीगणिक बदलतो, एकाच गाठीच्या कडेला आणि मध्यभागीही बदलतो, पण अंदाजापुरता चालेल. मग गाठीला मिनिटाला पाच मिलिलिटर रक्त मिळालं, म्हणजे एकूण प्रवाहाचा हजारावा भाग. दोन दिवसांत तो कण गाठीतून जाईल जेमतेम तीन वेळा.

सातशे विरुद्ध तीन. कणाची रचना करायची म्हणजे हे प्रमाण मान्य करून पुढे जायचं. सातशे वेळा यकृतातून जाताना तो पकडला जाता कामा नये. त्या तीन संधींपैकी एखादीत त्याने रक्तवाहिनीची भिंत ओलांडली पाहिजे. ओलांडल्यावर तिथेच राहिलं पाहिजे. आणि औषध तिथेच सोडलं पाहिजे, आधीही नाही आणि कधीच नाही असंही नाही. अंगावर कुठला लिगंड, म्हणजे कर्कपेशी ओळखणारा अँटीबॉडीसारखा रेणू, लावायचा हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. आमच्या क्षेत्राने मात्र बराच काळ तो सगळ्यात आधी विचारला.

मुळात गाठीत कण साचतात हे कळलं कसं? १९८६ मध्ये जपानच्या कुमामोटो विद्यापीठातल्या यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवलं की उंदरांच्या गाठींमध्ये मोठे रेणू साचतात आणि तिथून लवकर बाहेर पडत नाहीत. कारण त्यांना गाठीच्या रचनेत सापडलं. गाठ घाईघाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि झिरपणाऱ्या असतात, आणि ऊतीतला द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या तिथे धड काम करत नाहीत. आत शिरायला वाट आहे आणि बाहेर काढणारी व्यवस्था नाही. याला ईपीआर परिणाम (एन्हान्स्ड पर्मिएबिलिटी अँड रिटेन्शन, म्हणजे जास्त झिरपणं आणि टिकून राहणं) म्हणतात आणि पुढची तीस वर्षं आमच्या क्षेत्रातल्या असंख्य शोधनिबंधांची सुरुवात याच वाक्याने झाली. माएदांच्या गटाने बनवलेलं स्मॅन्क्स हे पॉलिमर जोडलेलं औषध १९९० च्या दशकात जपानमध्ये यकृताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते औषध तेलकट द्रवात मिसळून थेट गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत देत असत. गाठीत ते टिकेल हा भाग ईपीआरवर सोपवला होता, पण तिथवर नेण्याचं काम कॅथेटर करत होता. सातशे आणि तीनच्या हिशोबाला त्यांनी वळसा घातला होता.

माझ्या कामाची बाराखडी मात्र दुसऱ्या एका औषधाने शिकवली. डॉक्सिल. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे तिथलं पहिलं नॅनो-औषध. त्यामागे जेरुसलेममधले येहेझ्केल बारेनहोल्झ आणि कर्करोगतज्ज्ञ अल्बर्टो गॅबिझॉन यांचं काम होतं. औषध जुनंच, डॉक्सोरुबिसिन, लालभडक रंगाचं. ते कर्कपेशी मारतं, पण एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू निकामी करू लागतं, म्हणून एका मर्यादेपलीकडे ते देताच येत नाही. प्रश्न असा होता की हे औषध लायपोसोमच्या आत पुरेशा प्रमाणात भरायचं कसं, आणि भरलेलं गळू द्यायचं नाही ते कसं.

त्याचं उत्तर मला आजही पहिल्यांदा वाचलं तेव्हाइतकंच सुंदर वाटतं. लायपोसोम बनवताना त्यांच्या पोटात अमोनियम सल्फेटचं द्रावण ठेवायचं. मग बाहेरचं अमोनियम सल्फेट काढून टाकायचं. आत अमोनियम, बाहेर नाही. अमोनियममधून अमोनिया सुटतो, तो पडद्यातून सहज बाहेर निघून जातो आणि मागे एक प्रोटॉन ठेवून जातो. आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं. आता बाहेर डॉक्सोरुबिसिन घालायचं आणि गरम करायचं. विद्युतभार नसलेला त्याचा रेणू पडद्यातून आत शिरतो, आत शिरताच प्रोटॉन घेऊन भारित होतो आणि भारित झाल्यावर त्याला परत बाहेर येता येत नाही. त्यातच आतलं सल्फेट त्याला धरतं आणि औषधाचे लांबट स्फटिक बनू लागतात. रेणूमागून रेणू आत ओढला जातो. एकेका लायपोसोममध्ये दहा हजारांहून जास्त रेणू मावतात आणि घातलेल्या औषधापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आत जातं. पडद्याला कुठेही भोक पाडलेलं नाही, कुठलाही पंप बसवलेला नाही. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो स्फटिक काठीसारखा दिसतो आणि त्याच्या ताणाने गोल लायपोसोम लंबगोल झालेला असतो.

हे हाताने करताना काय दिसतं तेही लिहिते, कारण शोधनिबंधांत ते नसतं. लिपिडं विद्रावकात विरघळवून गोल बुडाच्या चंबूत घ्यायची आणि विद्रावक उडवून टाकायचा. काचेवर आतून एक पातळ, पांढरट थर उरतो. त्यावर गरम अमोनियम सल्फेट ओतायचं. गरम म्हणजे साठ अंशांच्या वर, कारण डॉक्सिलमधलं मुख्य लिपिड पन्नास अंशांच्या थोडं वर वितळतं आणि त्याखाली त्याचा पडदा ताठ असतो. थर सुटून दुधासारखं द्रावण होतं. मग ते सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबून काढायचं, पुन्हा पुन्हा, आधी मोठी छिद्रं, मग लहान. सुरुवातीला दट्ट्या ढकलताना बोटं दुखतात. हळूहळू जोर कमी लागायला लागतो आणि द्रावण बदलतं: दुधाळपणा जातो, कडेने बघितलं तर निळसर झाक येते. उपकरणाकडे नेण्याआधीच कळतं की आकार शंभर नॅनोमीटरच्या आसपास आला आहे.

उपकरणाचा आकडाही डोळे झाकून घ्यायचा नसतो. आकार मोजायला आम्ही कणांवरून विखुरणारा लेसरचा प्रकाश वापरतो. इतक्या लहान कणांच्या बाबतीत हा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट झाला तर प्रकाश जवळजवळ चौसष्टपट. नमुन्यात थोडेसे कण जरी एकमेकांना चिकटले असले तरी ते बाकीच्यांना झाकून टाकतात. म्हणून सरासरीच्या आधी मी आकारातला पसारा किती आहे ते पाहते.

औषध भरताना आणखी एक गोष्ट घडते जी मला फार आवडते. मोकळं डॉक्सोरुबिसिन प्रकाशात चमकतं. लायपोसोमच्या आत दाटीवाटीने गेलं की ती चमक विझते. शेवटी साबणासारखं एक रसायन घालून पडदे फोडले की चमक परत येते. किती औषध आत आहे आणि किती गळतंय हे मोजायची यापेक्षा सरळ पद्धत नाही.

आकार शंभर नॅनोमीटरच का, असं विद्यार्थी विचारतात. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात. २००७ मध्ये क्वांटम डॉट्स, म्हणजे प्रकाशात चमकणारे अतिसूक्ष्म कण, वापरून हे नेमकं मोजलं गेलं. दोनशे नॅनोमीटरच्या वरचे, न वाकणारे कण प्लीहेच्या चिरांमध्ये अडकतात. उरलेल्या पट्ट्यात यकृत बसलेलंच असतं. आणि गाठीचं काय? २०११ मध्ये टोकियोतल्या काझुनोरी काताओका यांच्या गटाने ३०, ५०, ७० आणि १०० नॅनोमीटरचे, बाकी सगळ्या बाबतींत सारखे कण उंदरांना दिले. ज्या गाठीच्या रक्तवाहिन्या खूप झिरपणाऱ्या होत्या तिथे चारही आकार आत गेले. स्वादुपिंडाच्या दाट, तंतुमय गाठीत खोलवर गेले आणि परिणामकारक ठरले ते फक्त ३० नॅनोमीटरचे. गाठ कोणती हे न विचारता आकार ठरवणं मला तेव्हापासून अर्धवट वाटतं.

आता यकृत. तिथल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींवर कुप्फर पेशी बसलेल्या असतात. रक्तातलं परकं काहीही गिळून टाकणं हे त्यांचं काम आणि त्या ते उत्तम करतात. टोरोंटोतल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की यकृतात शिरल्यावर कणांचा वेग सुमारे हजारपट कमी होतो. इतक्या सावकाश, भक्षक पेशींना घासत जाणारा कण सातशे फेऱ्या सुटून राहील ही अपेक्षाच मोठी आहे.

त्यात कण जसा बनवला तसा राहतही नाही. रक्तात पडताच त्याच्यावर प्रथिनं चिकटतात. पेशींना दिसतो तो हा प्रथिनांचा थर. मी प्रयोगशाळेत जे बनवलं ते त्याच्या आत झाकलेलं असतं. त्यातली काही प्रथिनं भक्षक पेशींसाठी खुणेचं काम करतात. म्हणून आम्ही पृष्ठभागावर पेगच्या (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरच्या) लांब साखळ्या लावतो. त्या पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना जवळ येऊ देत नाहीत, निदान बराच काळ. पेगमुळेच डॉक्सिल माणसाच्या रक्तात दोन-तीन दिवस टिकतं. त्याचीही किंमत आहे: काही लोकांच्या रक्तात पेगविरुद्ध अँटीबॉडी असतात आणि पेग असलेला पहिला डोस पुढच्या डोसला लवकर हुसकावून लावू शकतो.

२०१३ मध्ये डब्लिनमधल्या केनेथ डॉसन यांच्या गटाचा एक प्रयोग आला. त्यांनी कणांवर ट्रान्सफेरिन हे प्रथिन लावलं होतं, जे पेशीच्या पृष्ठभागावरच्या आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला धरणाऱ्या प्रथिनाला, पक्कं ओळखतं. साध्या माध्यमात ओळख पटत होती. तेच कण रक्तातल्या प्रथिनांच्या संपर्कात आणले की ओळख जवळजवळ नाहीशी झाली. ट्रान्सफेरिन तिथेच होतं, फक्त झाकलं गेलं होतं. पेट्री डिशमध्ये सुंदर चालणारे किती कण रक्तात आंधळे होत असतील, हा विचार तो निबंध वाचल्यापासून माझी पाठ सोडत नाही.

या प्रथिनांशी भांडण्याऐवजी त्यांचा उपयोग करून घेणारं एक औषध आहे, आणि ते कर्करोगाचं नाही याची मला हळहळ वाटते. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरन एका आनुवंशिक विकारावर देतात. त्याच्या लिपिड कणावर रक्तात एपीओई नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि यकृतपेशींचे रिसेप्टर त्या प्रथिनाला ओळखून कण आत घेतात. इथे यकृत हेच गंतव्य होतं, म्हणून सातशे फेऱ्या शत्रू न राहता मदतनीस झाल्या.

लिगंडबद्दल माझं मत एवढ्यावरून कोणी टोकाचं समजू नये. लिगंड निरुपयोगी नाही. २००६ मध्ये दिमित्री किरपोटिन आणि सहकाऱ्यांनी एकसारखे लायपोसोम घेतले, काहींवर हर-टू (स्तनाच्या काही कर्करोगांत पेशींवर भरपूर असणारं प्रथिन) ओळखणारी अँटीबॉडी लावली, काहींवर नाही. गाठीत साचलेलं प्रमाण दोन्हींचं सारखंच आलं. पण अँटीबॉडीवाले कण कर्कपेशींच्या आत गेलेले आढळले. बिनअँटीबॉडीचे बहुतांशी पेशींच्या मधल्या जागेत आणि भक्षक पेशींत राहिले. लिगंडचं काम गाठीत पोहोचल्यानंतर सुरू होतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. आणि पोहोचल्यानंतरही वाट सोपी नसते. टोरोंटोच्याच गटाने २०१८ मध्ये उंदरांच्या गाठींतले कण एकेका पेशीच्या पातळीवर मोजले. लिगंड लावलेले दहा लाख कण टोचले तर कर्कपेशींपर्यंत गेले चौदापेक्षाही कमी. बाकीचे गाठीत आले तरी भक्षक पेशींनी गिळले किंवा पेशींमधल्या जाळीत अडकून पडले.

माणसांवरच्या चाचण्यांतही या दिशेने मोठी निराशा पदरी आली. हर-टू ओळखणाऱ्या डॉक्सोरुबिसिन-लायपोसोमची स्तनाच्या कर्करोगातली चाचणी २०१६ मध्ये, फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून, मध्येच थांबवली गेली.

त्याच वर्षी वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांच्या शोधनिबंधांचा आढावा घेऊन एक आकडा काढला: टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचतं ते मध्यक काढला तर ०.७ टक्के. या आकड्यावरून आमच्याकडे पुष्कळ वाद झाला. मला वाटतं दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. औषधशास्त्रातल्या लोकांनी बरोबर दाखवून दिलं की नुसत्या टक्क्यांनी काही ठरत नाही. साध्या, मोकळ्या औषधाचाही फार थोडा भाग गाठीत जातो, आणि गाठीला किती औषध किती काळ मिळालं हे मोजून त्याची मोकळ्या औषधाशी तुलना करायला हवी. हे मला पटतं. पण उरलेल्या ९९ टक्क्यांचं काय झालं हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, कारण ते पेशंटच्या शरीरातच कुठेतरी गेलेले असतात.

म्हणूनच डॉक्सिलचा खरा हिशोब मला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसतो. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ५०९ स्त्रिया. काहींना साधं डॉक्सोरुबिसिन, काहींना लायपोसोममधलं. आयुर्मानात फरक पडला नाही: मध्यक २१ महिने आणि २२ महिने. गाठीवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. मात्र हृदयाला होणारी इजा लायपोसोममध्ये कितीतरी कमी. हृदयाच्या केशवाहिन्यांची भिंत सलग असते, तिथून शंभर नॅनोमीटरचा कण सहज बाहेर पडू शकत नाही, आणि औषध कणाच्या आत कोंडलेलं असल्याने हृदयाला मोकळं औषध फारसं भेटतच नाही. दुसरीकडे, तळहात-तळपाय लाल होणं, सोलवटणं, दुखणं हा त्रास लायपोसोम घेणाऱ्या ४८ टक्के स्त्रियांना झाला. साध्या औषधात तो २ टक्क्यांना होता. कण रक्तात जास्त काळ राहिला, म्हणून तो त्वचेतही जास्त गेला. एका अवयवाची सुटका झाली आणि दुसऱ्यावर भार आला.

हे आकडे मला पाठ आहेत याचं एक कारण म्हणजे फोन. ओळखीतून नंबर मिळवून लोक फोन करतात. मागे एका मुलीचा आला होता. तिच्या आईला हेच औषध चालू होतं.

"मॅडम, नॅनो आहे म्हणजे फक्त गाठीतच जातं ना? मग आईच्या हातांची सालं का निघतायत? तिला भांडंसुद्धा धरवत नाही. औषध चुकलं तर नाही ना?"

मी डॉक्टर नाही, हे मी आधी सांगितलं. मग सांगितलं की औषध चुकलेलं नाही, हा त्याचा माहीत असलेला परिणाम आहे, आणि आजच्या आज तुझ्या डॉक्टरांना कळव, कारण ते पुढचा डोस लांबवू शकतात किंवा कमी करू शकतात, आणि तसं केल्याने बहुतेकदा हात बरे होतात. तिला वाटत होतं की तक्रार केली तर चांगलं औषध बंद करतील, म्हणून आई सहन करत होती. फक्त गाठीतच जातं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ते वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण त्या वाक्यामुळे एक बाई गरज नसताना वेदना काढत बसली, आणि त्याचा मला राग आला तो अजून गेलेला नाही. लाल बाणाचं चित्र आमच्याच क्षेत्राने काढलं आहे.

उंदरांबद्दलही तितकंच स्पष्ट बोललं पाहिजे. वीस ग्रॅमच्या उंदराच्या कातडीखाली एक ग्रॅमची गाठ वाढवतात. वजनाच्या पाच टक्के. सत्तर किलोच्या माणसात तेवढ्या प्रमाणातली गाठ साडेतीन किलोची होईल. उंदराची गाठ काही आठवड्यांत फुगते, तिच्या रक्तवाहिन्या अर्ध्याकच्च्या असतात. माणसाची गाठ बहुधा वर्षानुवर्षं वाढलेली असते. माझा तीनचा आकडा उंदरात कितीतरी मोठा येतो, म्हणून उंदरात कण चालतात.

माणसात गाठी एकमेकींसारख्या नसतात. लंडनमध्ये केविन हॅरिंग्टन यांनी २००१ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेले पेगयुक्त लायपोसोम सतरा पेशंटना देऊन शरीराची छायाचित्रं घेतली. डोकं आणि मानेच्या गाठींनी ते बरेच घेतले, स्तनाच्या गाठींनी खूपच कमी. पुढे तांबं-६४ हे समस्थानिक लावलेल्या लायपोसोमच्या पेट स्कॅनमध्येही हेच दिसलं; एकाच पेशंटच्या दोन गाठींतसुद्धा फरक होता. म्हणजे ईपीआर माणसात आहे, पण सगळ्यांत नाही आणि सारखा नाही. मग चाचणीत सरसकट सगळ्यांना घेऊन सरासरी काढली की ज्यांना फायदा झाला असता ते त्या सरासरीत बुडून जातात. थांबलेल्या चाचण्यांत असं किती झालं असेल या विचाराने मला खरोखर अस्वस्थ व्हायला होतं.

भिंत ओलांडण्याबद्दलही जुनी समजूत हलली आहे. २०२० मध्ये टोरोंटोच्या गटाने दाखवलं की त्यांनी तपासलेल्या गाठींमध्ये ९७ टक्क्यांपर्यंत कण भिंतीतल्या फटींतून गेलेच नव्हते. वाहिनीच्या अस्तराच्या पेशींनी ते स्वतः उचलून पलीकडे नेले होते. हे सगळ्या गाठींना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण तसं असेल तर प्रश्नच बदलतो. फट किती मोठी आहे यापेक्षा अस्तराची पेशी कणाला का उचलते हे विचारावं लागेल. त्याच वर्षी त्याच गटाने आणखी एक गोष्ट केली: उंदराला एकाच वेळी एक लाख कोटींहून जास्त कण दिले. कुप्फर पेशींची गिळण्याची क्षमता संपली आणि गाठीत पोहोचलेलं प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत गेलं. सातशेच्या बाजूने हिशोब सुधारता येतो याचा हा पुरावा आहे. रिकामे, बिनऔषधाचे कण आधी देऊन यकृताला गुंतवून ठेवायचं, असा मार्ग त्यातून सुचतो. यकृताला थकवण्याचा पेशंटवर काय परिणाम होईल हे पाहिल्याशिवाय तो मार्ग पुढे नेता येणार नाही, विशेषतः केमोने आधीच थकलेल्या पेशंटमध्ये.

आमच्याकडे आता नवा कण बनला की त्याचा बिनलिगंडचा जोडीदार त्याच दिवशी, त्याच लिपिडांतून बनतो. दोघांना आधी मानवी प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात, ३७ अंशांवर ठेवायचं, मग पेशींवर टाकायचं. गळती मोजायची तीही प्लाझ्मामध्ये. बफरमध्ये, म्हणजे प्रथिनं नसलेल्या साध्या क्षारद्रावणात, आठवडाभर न गळणारा कण प्लाझ्मात काही तासांत रिकामा झालेला मी पाहिला आहे. आणि उंदरावर गेलो तर गाठीबरोबर यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, हृदय आणि त्वचा हे सगळं मोजायचं. विद्यार्थ्यांना हे कष्टाचं वाटतं. एक चांगला आलेख आधीच हातात असताना आणखी पाच अवयव कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी तरी आग्रह सोडत नाही.

पुढचं काम ज्यात माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते कणापेक्षा पेशंट निवडण्याबद्दल आहे. रक्तक्षयावर देतात त्या फेरुमोक्सिटॉल या लोहकणांच्या औषधाने आधी एमआरआय करून, कोणाची गाठ कण घेते ते पाहायचं आणि मग लायपोसोममधलं इरिनोटेकान हे केमोथेरपीचं औषध द्यायचं, असा एक छोटा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गाठींनी लोहकण जास्त घेतले त्या पुढे जास्त आकसल्या. पेशंट थोडे होते, पण मला हीच वाट बरोबर वाटते. आम्ही लायपोसोमच्या पडद्यातच धातू धरून ठेवणारं एक लिपिड मिसळतो आहोत, म्हणजे त्यावर खूण लावून आधी पाहता येईल आणि मग तोच कण औषधासह देता येईल. तांबं-६४ चं अर्धआयुष्य १२.७ तास, त्यामुळे दोन दिवसांच्या पुढचं त्यात नीट दिसत नाही. झिर्कोनियम-८९ ला सव्वातीन दिवस मिळतात, पण सुटा झिर्कोनियम हाडात जाऊन बसतो आणि चित्र फसवं होतं. कुठला धातू घ्यायचा यावर आमच्यात अजून एकमत नाही. पहिली तुकडी तांब्याची करायची असं सध्या ठरलंय. त्या लिपिडने पडद्याचा ताठपणा कमी होतो का आणि डॉक्सोरुबिसिन लवकर गळू लागतं का, हे आधी तपासायचं आहे. त्याचे आकडे हातात आले की पुढच्या वेळी सविस्तर लिहीन, गळतीसकट.